अण्णांची फेरी

"माझी गाडी निघायची कशी, ते सांग आधी!" समोरच्या काकूंनी फाटकातूनच टेंपोवाल्यावर तोफ डागली. त्यांच्या हातात गाडी पुसायचं ओलं फडकं होतं आणि त्याचं पाणी फाटकासमोर उभ्या टेंपोच्या बंपरवर ठिबकत होतं.

खरं तर काकूंची गाडी कुठे निघतच नव्हती. काका गेले तेव्हापासून ती कुंपणाला लागून उभी होती. काकू रोज संध्याकाळी तिची दारं उघडून ती आतबाहेर पुसत, आणि पुसून झाली की टेंपोशी भांडण उकरून काढत. काका होते तेव्हा गाडी निघताना काकूंचं "सावकाश चालवा हो, घाई नाही!" अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं. तो सगळा आवाज आता टेंपोच्या वाट्याला आला होता.

'निघते कुठं तुमची गाडी?' हे टेंपोवाल्याच्या बायकोच्या अगदी जिभेवर आलं होतं. ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. पण नवऱ्याने डोळे वटारले, आणि तिने शब्द गिळले.

"मालाच्या गाड्या राहत्या गल्लीत नकोत, एवढंच सगळ्यांचं म्हणणं आहे," काकू म्हणाल्या. सगळे म्हणजे शेजारचे मास्तर आणि कोपऱ्यावरचा न्हावी. दोघेही मागे उभे राहून आभाळाकडे बघत होते.

"काढतो काकू," नवरा म्हणाला. "उद्यापासून मोठ्या रस्त्यापलीकडच्या मैदानात लावतो."

घरात पाऊल टाकताच ती कडाडली. "काढतो म्हणे! आणि अण्णांचं काय?"

"बघू."

"काय बघू? खरं काय ते सांगून टाका ना काकूंना!"

"चार लोकांत बापाचं हसं करू?" तो म्हणाला.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. सारा जन्म ट्रक चालवण्यात गेला. आता त्यांना जेवल्याचं आठवत नसे, स्वतःच्या मुलाला ते मालक समजत आणि "शेठ" म्हणत. दिवस कलला की त्यांच्या पायाला भिंगरी लागे. 'माल राहिलाय, निघायला हवं,' असं म्हणत दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत येरझारा सुरू होत. त्यावर औषध एकच होतं. टेंपो दारात आला की अण्णा चपला रस्त्यावर जोडीने काढून ठेवत, अनवाणी केबिनमध्ये चढत आणि किल्लीवाचून स्टिअरिंग फिरवत बसत. सून मागे उभी राहून हळू आवाजात "येऊ द्या, येऊ द्या... बास!" म्हणे. मग "पोचला माल," असं म्हणून ते खाली उतरत आणि निमूट जेवायला बसत. गल्लीला वाटे, म्हातारा गाडीची राखण करतो.

टेंपो मैदानात गेला त्या संध्याकाळी अण्णा खिडकीला चिकटले.

"गाडी कुठंय?"

"कामाला गेलीय, अण्णा."

"मी इथं, आणि गाडी कामाला?"

मैदानापर्यंत चालत न्यावं, तर अण्णांचे गुडघे तेवढे राहिले नव्हते. त्यांनी ताट सरकवलं. रात्री कितीदा तरी दाराची कडी वाजली.

पुढचे दिवस असेच गेले. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिचा एक कान कडीकडे असे. काकूंचा राग येणंही आता थांबलं होतं, नुसती भीती वाटत होती. हा माणूस एक दिवस गाडी शोधत मोठ्या रस्त्यावर जाणार.

आणि एका संध्याकाळी कुकरच्या शिट्टीत कडीचा आवाज हरवला. ती बाहेर आली तर दार उघडं. तशीच मोठ्या रस्त्यापर्यंत पळाली, दोन्हीकडे बघितलं, धापा टाकत परत आली. तेव्हा तिला चपला दिसल्या. काकूंच्या गाडीशी, जोडीने काढून ठेवलेल्या. काकू फडकं धुवायला आत गेल्या होत्या आणि गाडीचं दार उघडंच होतं. आत अण्णा बसले होते.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "अहो! उतरा आधी! कुणाच्या जागेवर बसलाय तुम्ही?" त्यांचा आवाज चिरकला.

सून मध्ये पडली. "ओरडू नका काकू. त्यांना कळत नाही हो. काही म्हणजे काही कळत नाही." इतके दिवस दाबून ठेवलेलं वाक्य बाहेर पडलं आणि तिला रडू फुटलं.

अण्णांनी मान वळवून दोघींकडे बघितलं. हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ.

"बसा बाई," ते अदबीने म्हणाले. "कुठं सोडू?"

काकू हातातलं फडकं पिळू लागल्या. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत राहिल्या.

"घरी," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचं घर पाठीमागे सताड उघडं होतं.

"लांब आहे," अण्णा म्हणाले. "पण पोचवतो."

काकूंनी फडकं कुंपणावर टाकलं. मग वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेल्या, पायातल्या चपला काढून खाली जोडीने ठेवल्या आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसल्या.

"सावकाश चालवा हो," समोर बघत त्या म्हणाल्या. "घाई नाही."

सुनेने पदराने डोळे पुसले आणि ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. "येऊ द्या," ती म्हणाली. आज साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "येऊ द्या, येऊ द्या..."

पण "बास" म्हणायची तिने घाई केली नाही.