आडवे शेठ उभे राहतात

बसून खाणारे पुष्कळ असतात. झोपून कमावणारा मात्र त्या सगळ्या बाजारात हा एकटाच. गाद्यांचा कारखाना, स्वतःच्या हिमतीवर काढलेला, आणि त्याचा एकच कडक नियम: मालक स्वतः आडवे झाल्याशिवाय माल दाराबाहेर जायचा नाही. नव्या खेपेतली गादी शिवणयंत्रावरून उतरली की मधल्या खोलीतल्या फळीवर यायची. मालक बूट काढायचे, पाठीवर पडायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "उजव्या खांद्याखाली फोम कमी पडलाय," नाहीतर "कंबरेपाशी स्प्रिंग कुरकुरतंय." कधी काहीच न बोलता घोरायला लागायचे. मालक घोरले की फोरमन डोळे झाकून पहिल्या प्रतीचा शिक्का मारायचा. बाजारात त्यांना आडवे शेठ म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि शेठ खूश होत.

आता रोज उठून हेच काम करणाऱ्या माणसाची पाठ कशी असणार? मालासारखीच मऊ. पोटाचं तर बोलायलाच नको, ते शेठच्या आधी खोलीत शिरायचं. बायको कारखान्याचे हिशेब सांभाळायची आणि घरी नवऱ्याला सांभाळायची. ती म्हणायची, "अहो, जरा हातपाय हलवा. नाहीतर एक दिवस तुमच्यावरच शिक्का मारून पाठवून देईन." शेठ हसायचे आणि कूस बदलायचे.

आणि अशा माणसाचे वडील कोण, तर शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. सारं आयुष्य मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेलेलं, ताठ, सडसडीत, पोरगा जिन्यावरून धापा टाकत वर आला की घड्याळाकडे बघणारे. मुलाच्या धंद्याबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते चारचौघांत सांगायला ते कधी कचरत नसत. "मी पोरांना उठवण्यात जन्म घालवला," म्हणायचे, "आणि हा लोकांना झोपवून पैसे घेतो."

असे हे मास्तर न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओबाईंनी शेठला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "काका, हाडाची काळजी संपली. आता पायांची आहे. रोज कुणीतरी धरून आजोबांना पलंगावरून उभं करायला हवं. आत्ता उठले नाहीत, तर पाय उठायचं विसरतील. मग ते कायमचे अंथरुणावर."

मास्तर आणि अंथरूण, हे दोन शब्द एका वाक्यात त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. (बाई आपल्याला काका म्हणाल्या, हेही जरा लागलं, पण ती वेळ नव्हती.)

शेठ धंदेवाईक माणूस. अडचण आली की माणूस नेमायचा, हा शिरस्ता. एक मदतनीस आला. मास्तरांनी त्याचं पोट बघून त्याला दारातूनच परत पाठवलं. दुसरा चांगला दणकट होता, पण त्यानं मास्तरांना "चला हं बाळ" म्हटलं आणि पाण्याचा पेला चुकवत घर सोडलं. तिसऱ्याला तर जिनासुद्धा चढू दिला नाही.

"मला परक्या माणसानं काखेत हात घालून उचललेलं चालणार नाही," मास्तर म्हणाले. "लाज वाटते. उचलायचं तर माझ्या मुलानं. त्याला जमत नसेल, तर पडून राहीन मी. आपल्या घरात पडून राहायची चाल आहेच आता."

झालं. शेठ दोन बैठकांच्या मधल्या वेळात घरी आले, मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला फोनवर होता, त्याला "एक मिनिट हं" म्हणून फोन तसाच खिशात टाकला, वाकले, वडिलांच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. मास्तर वीतभर वर आले. तेवढ्यात शेठच्या कमरेत अशी उसण भरली की ते "आई गं" करून वडिलांच्या अंगावरच कोसळले. खाली गादी होती ती कारखान्यातली सर्वांत भारी, मऊ म्हणजे किती मऊ, दोघं तिच्यात जे रुतले ते रुतलेच. खिशातून खरेदीवाला विचारत होता, "शेठ? शेठ, आहात ना?"

बायको चहाचा कप घेऊन दारात उभी. "दोघं मावलात की हो एका गादीवर," ती म्हणाली. "फोटो काढू का जाहिरातीला?"

फिजिओबाईंना हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, आजोबांना उभं करायच्या आधी तुम्हालाच उभं करावं लागणार. रोज घरी व्यायाम. सबब चालणार नाही."

शेठ म्हणाले, वेळ कुठाय? बाई म्हणाल्या, वडील कुठायत? शेठ कबूल झाले.

आणि काही करायचं तर दणक्यात करायचं, हा त्यांचा स्वभाव. गाडीत जाता-येता ते फोनवर भाषणं ऐकायला लागले. स्वतःला घडवा, सकाळ जिंका, आतल्या सिंहाला जागं करा. एका भाषणाच्या वेळी तर सिंहाबरोबर शेठही झोपले आणि ड्रायव्हरनं ते शेवटपर्यंत ऐकलं. ड्रायव्हर दुसऱ्या दिवसापासून पळायला जाऊ लागला. शेठनी व्यायामासाठी खास चटई करून घेतली, अर्थात स्वतःच्या कारखान्यात, आणि मूळ स्वभाव जाणार कुठे? चटईत त्यांनी दोन थर जास्तीचे घातले. पहिल्या सकाळी ते तिच्यावर पाठ टेकवून पाय वर करायला म्हणून आडवे झाले, आणि थोड्याच वेळात आतल्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला.

"सूनबाई! त्याचा घोरायचा व्यायाम झाला असेल, तर पुढचा घ्यायला सांग!"

त्या दिवशी मास्तरांनी सगळी सूत्रं हातात घेतली. चटई हद्दपार झाली. खोलीचं दार सताड उघडं, पलंगासमोर मोकळी जागा, आणि रोज सकाळी आंघोळीआधी मुलानं तिथे हजर व्हायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. भिंतीला तळवे लावून रेटायचं. जुन्या वर्तमानपत्रांनी भरलेली पिशवी पाठ न वाकवता, गुडघ्यात वाकून उचलायची. मास्तर उशीला टेकून आज्ञा सोडत. "छाती पुढे! पोट आत! अजून आत! आहे तेवढी जागा संपली? बरं, राहू दे."

शेठच्या नाकी नऊ आले. मांड्या इतक्या भरून आल्या की कारखान्यात गादीवर आडवं व्हायचं जमे, पण पुन्हा उठायला फोरमनचा हात लागे. मधेच खिशातला फोन वाजला, तर मास्तर हात पुढे करत. "वर्गात मोबाइल? आण इकडे." मग तो फोन त्यांच्या उशीखाली जाई आणि तिथे, त्या भारी फोममध्ये, लांब कुठेतरी डास गुणगुणावा तसा वाजत राही. आधी शेठचा जीव खालीवर व्हायचा. आपण नसलो तर कारखाना बुडेल, अशी त्यांची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात फोरमन स्वतःच बूट काढून आडवा होऊ लागला, माल वेळेवर जाऊ लागला आणि एकही तक्रार आली नाही. याचं शेठना फार वाईट वाटलं.

घरात मात्र वेगळंच वारं होतं. मास्तर पुन्हा दाढी करू लागले. सकाळी मुलाच्या आधी जागे होऊन शिट्टी कुठे ठेवली ते विचारू लागले. आणि शेठचं पोट, खोटं कशाला सांगा, गेलं नाही, पण निदान शेठच्या बरोबरीनं खोलीत शिरू लागलं. पाठ दुखायची थांबली. एक दिवस बायकोनं वरच्या फळीवरची जड पेटी काढायला शेजाऱ्याला हाक मारली, तर शेठ मधे आले, गुडघ्यात वाकले आणि पेटी अलगद खाली. बायको नुसती बघत राहिली. लग्नानंतर असं ती पहिल्यांदाच बघत होती, निदान शेठना तरी तसं वाटलं.

आणि तरीही मास्तर उठेनात.

शेठ धरत, बरोबर धरत, फिजिओबाईंनी दाखवल्याप्रमाणे. मास्तर जोर करत. अर्धे उठत, आणि पुन्हा खाली. रोज तेच. शेठ म्हणत, "माझंच कमी पडतंय, बाबा. अजून थोडे दिवस." मास्तर म्हणत, "हं." मग ते "हं"सुद्धा बंद झालं. एका सकाळी शेठ वेळेवर हजर झाले, खुर्ची ओढली, वाट बघितली, आणि आज्ञा आलीच नाही. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, सुरू करू ना?"

"तुझं तू कर. तुला येतं आता सगळं."

शेठना एकदम खूप भीती वाटली. कारखान्याला आग लागली होती तेव्हाही इतकी वाटली नव्हती. त्यांनी तिथूनच फिजिओबाईंना फोन लावला आणि या माणसानं, ज्यानं आयुष्यात कधी कुणाची विनवणी केली नव्हती, "आत्ता या हो" म्हणून विनवणी केली.

बाई आल्या. इतके दिवस त्या मास्तरांचे पाय बघत होत्या, आज त्या शेजारी पलंगाच्या काठावर टेकल्या. टेकल्या म्हणजे बुडाल्याच. उठायला गेल्या तर पाय जमिनीला पुरेनात. शेवटी एका कुशीवर होऊन कशाबशा बाहेर आल्या आणि त्यांनी गादीवर मूठ दाबली. मूठ मनगटापर्यंत आत गेली.

"ही गादी कुणी आणली?"

"मी," शेठ म्हणाले, आणि सवयीनं त्यांचा आवाज जरा चढला. "आमची सर्वांत वरची. खास बाबांसाठी वेगळी करून घेतली. सात थरांची..."

"काका, हिच्यातून मला उठता येत नाही. आजोबांना कसं येणार?"

शेठ गादीकडे बघत राहिले. मग त्यांनी वडिलांकडे बघितलं, आणि मास्तर त्यांची नजर चुकवत होते. ड्रिलमास्तर, नजर चुकवत होते!

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत? सगळ्या जगाला बोलता!"

मास्तर चादरीची कड चिमटीत धरून बसले. "तू केवढ्या हौसेनं आणलीस. स्वतः जिन्यावरून चढवलीस, धापा टाकत. तुझ्या धंद्याला मी कधी चांगलं म्हटलं नाही रे. आणि आता असा अंथरुणावर पडलेलो असताना तुझीच गादी खराब म्हणायची? जीभ रेटेना."

बाप आपलं मन मोडू नये म्हणून गादीत रुतत चालला होता, आणि आपण त्याच गादीवर पहिल्या प्रतीचा शिक्का मारून मिरवत होतो. त्यांना वडिलांचा राग आला, स्वतःची शरम वाटली आणि या सगळ्यात मनापासून, अगदी लहान पोरासारखा, आनंदही झाला. त्यांनी वडिलांना उचलून खुर्चीत बसवलं, ती गादी दोन्ही हातांनी धरली आणि एकट्यानं ओढत बाहेर काढली. पाठीनं कुरकूर केली नाही.

मग ते तडक कारखान्यात गेले. पातळ, कडक, काठाला ताठ राहणारी गादी समोर उभं राहून करून घेतली. फळीवर आली तेव्हा फोरमन बूट घ्यायला पुढे झाला. पण शेठ आडवे झालेच नाहीत. काठावर बसले, हात न टेकता उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. फोरमनला वाटलं, मालकांचं काहीतरी बिनसलंय.

"मालक, नापास ना?"

"पास," शेठ म्हणाले. "गाडीत घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत सगळे होते. फिजिओबाई खिडकीपाशी, सूनबाई दारात. मास्तर नव्या गादीच्या काठावर बसले, दोन्ही पाय जमिनीवर टेकले. शेठ समोर उभे राहिले, गुडघ्यात वाकले, वडिलांचे हात कोपरापाशी धरले.

"चला, बाबा."

मास्तर पुढे झुकले, गाल थरथरले, आणि उठले. अर्धे झाले, पाऊण झाले, आणि थांबले नाहीत. बघता बघता ते मुलाच्या डोक्याच्या वर निघून गेले. आपले वडील आपल्यापेक्षा उंच आहेत, हे शेठ या काही महिन्यांत विसरूनच गेले होते.

"सोड आता," मास्तर म्हणाले.

"काय?"

"हात सोड. कानात फोम गेलाय का?"

शेठनी आणखी घट्ट धरलं. इतक्या सकाळांत त्यांनी एवढंच कमावलं होतं, धरायचं बळ. सोडायचं कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी फिजिओबाईंकडे बघितलं. बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

"पडाल, बाबा."

"पडलो तर तू आहेसच की. सोड."

शेठनी हात सोडले. एकेक बोट करून सोडले, आणि हात तसेच हवेत ठेवले. मास्तर डुलले, सावरले, आणि उभे राहिले. कुणाच्याही आधाराशिवाय, स्वतःच्या दोन पायांवर.

"हात खाली," मास्तर म्हणाले. "सावधान!"

शेठ टाचा जुळवून ताठ उभे राहिले. छाती पुढे, हात बाजूला, मुठी वळलेल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सावधानमध्ये हलायचं नसतं, म्हणून ते गालांवरून हनुवटीपर्यंत आलं आणि तिथून सदऱ्यावर टपटपू लागलं, तरी शेठ हलले नाहीत. दारात सूनबाई पदरानं स्वतःचे डोळे टिपत होती.

मास्तरांनी मुलाला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"डोळे पुसायला परवानगी आहे," ते म्हणाले. "आणि पुसून झाले की मला धर. पाय लटपटायला लागलेत."