वरची अर्धी भिंत

रविवार हा झोपायचा वार. रंगाऱ्यांसाठी तर नक्कीच. आठवडाभर दुसऱ्यांच्या भिंती घासून, पुट्टी भरून, रंगवून माणूस इतका आंबून जातो की रविवारी त्याला कूस बदलायचाही कंटाळा येतो. पण त्या रविवारी दुपारी ठेंगू स्वयंपाकघरात उभा राहून अंडी फेटत होता आणि स्वतःलाच शिव्या घालत होता.

ठेंगू हे नाव अर्थातच उंचीवरून पडलेलं. त्याचा जोडीदार लंबू. दोघांनी उभी हयात एकत्र काम केलं होतं आणि त्यांची एक ठरलेली रीत होती. लंबू शिडीवर चढून छतापासून खाली येणार, ठेंगू जमिनीपासून वर जाणार, आणि भिंतीच्या मध्यावर दोघं भेटणार. जोड कुठे झाला ते घरमालक सोडाच, खुद्द मुकादमालाही कधी सापडलं नाही. ठेंगूला उंचीची भीती. शिकाऊ असताना एकदा शिडीवर चढला, तो वरच बसून रडला. लंबूने त्याला कसंबसं खाली आणलं. तेव्हापासून वरचं सगळं लंबूचं, हे न बोलताच ठरून गेलं.

आता लंबूचा खांदा कामातून गेला होता. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी औषधं, मलम, शेक, सगळं करून पाहिलं आणि शेवटी मान हलवली. शुक्रवारी काम संपल्यावर ब्रश धुता धुता लंबू म्हणाला, "सोमवारी मुकादमाला सांगून टाकतो, दुसरा कुणीतरी बघा म्हणून. बस झालं आता."

दुसऱ्या कुणाबरोबर काम करायचं हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते इतकंच, "रविवारी वाढदिवस ना तुझा? घरी ये. केक करतो."

केक! चहाशिवाय आयुष्यात दुसरं काही न केलेला हा माणूस. 'जाऊ नकोस' एवढं साधं बोलायला जमत नाही, तेव्हा माणसं असले नसते उद्योग अंगावर ओढवून घेतात.

घर त्याच्या मोठ्या बहिणीचं होतं, तोही तिथेच राहायचा. ताई खुर्चीत बसून हुकूम सोडत होती.

"अरे, हळू! केकचं पीठ आहे ते, पुट्टी नाही."

"तू कर मग."

"मी कशाला? जोडीदार तुझा."

आठवडाभर उकिडवं बसून ठेंगूचे गुडघे सुजले होते. तो ओट्याला टेकून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता. ओव्हनमधून केक बाहेर आला तो मधोमध टेकाड घेऊन. ठेंगूने तो सवयीने एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाला, "पॉलिश पेपर मारू का थोडा?"

ताईने कपाळावर हात मारला आणि सुरीने टेकाड कापून टाकलं. मग दुसरा केक भाजला. दोन्हींच्या मध्ये जॅम भरून एकावर एक ठेवल्यावर चांगला उंच केक उभा राहिला.

"क्रीममध्ये रंग कुठला घालायचा?" ताईने विचारलं.

"कुठलाच नको. पांढरंच राहू दे. रंगांचा वीट आलाय दोघांनाही."

क्रीम लावायला त्याने पुट्टीची कोरी पट्टी आणून ती उकळत्या पाण्यातून काढली होती. ती हातात आल्यावर मात्र गडी जरा हुशारला. हे काम ओळखीचं होतं. पहिला हात पातळ, दुसरा जाड, मग पट्टी तिरकी धरून सफाई. केक फिरवत फिरवत तो खालून वर लावत गेला. मग पट्टी घेऊन बेसिनपाशी गेला आणि नळ सोडला.

"आणि वरचं कोण करणार?" ताई म्हणाली.

ठेंगूने वळून पाहिलं. केक खालून निम्म्यापर्यंत पांढराशुभ्र, गुळगुळीत होता. मध्यावर सरळ रेघ होती आणि रेघेच्या वर सगळा उघडा, तपकिरी, भगदाडं पडलेला. हात आपला नेहमीच्या जागी येऊन थांबला होता. त्याला काही कळलंही नव्हतं.

तो मटकन खुर्चीत बसला. उद्यापासून प्रत्येक भिंत अशीच दिसणार, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला रडूच आलं. इतका तो दमला होता.

तेवढ्यात बेल वाजली. लंबू दारातून वाकून आत आला. आधी त्याने ठेंगूचा चेहरा पाहिला, मग केक पाहिला आणि खो खो हसत सुटला.

"वरचं माझ्यासाठी ठेवलंस होय रे?"

त्याने खुर्ची ओढली, ठेंगूच्या हातातली पट्टी घेतली आणि वरून खाली क्रीम लावायला लागला. पट्टी जराही अडखळली नाही. मध्यावर येऊन त्याने एक शेवटचा हलका हात मारला. ठेंगूने अगदी नाक लावून पाहिलं. जोड दिसत नव्हता.

"दुखला का?"

"इथे कशाला दुखेल? खांद्याच्या खाली काही त्रास नाही." लंबूने पट्टी खाली ठेवली. त्याचं हसू मावळलं होतं. "पण भिंती टेबलाएवढ्या नसतात रे."

ताईने सुरी पुसून केकशेजारी ठेवली.

"बशा काढा आता," ती म्हणाली.

बशा सगळ्यात वरच्या फळीवर असायच्या. लंबू घरी आला की तोच हात लांबवून काढून द्यायचा. आजही तो सवयीने उठला. हात खांद्यापर्यंत गेला, त्याचा चेहरा पिळवटला आणि हात खाली आला. ठेंगूने ते पाहिलं. त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि वर चढला. गुडघे कडकड वाजले. फळी घट्ट धरून त्याने डोळे मिटून घेतले.

"खाली बघू नकोस," लंबूचा आवाज आला. त्याने दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं.

"उद्या खालचं तू कर," ठेंगू फळीकडे तोंड करून म्हणाला. "मी शिडीवर चढतो."

लंबूने स्टूल आणखी घट्ट धरलं.

"वर जाऊन रडलास तर?"

"रडीन. रडता रडता रंगवीन. तू फक्त शिडी धर."

सांगितलेलं विसरून ठेंगूने डोळे उघडून खाली पाहिलंच. लंबू मान खाली घालून उभा होता. डोक्यावर मधोमध टक्कल पडलं होतं. इतक्या वर्षांत ठेंगूने ते कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने बशा उचलून खाली धरल्या. "घे."

"ताईकडे दे," लंबू म्हणाला. "मी धरलंय."