तीन दिवस आधी मागितलेली क्षमा

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे, आणि तडा गेलेला आहे हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी बोट दाखवण्यापेक्षा आपलं आपण सांगितलेलं बरं.

माझी माती कृष्णाकाठची. चाकावर गरगरलो, भट्टीत भाजून निघालो, तरी आत कुठेतरी नदी राहूनच गेली. अजूनही दुपारी माझा डोळा लागतो आणि मी पुन्हा गाळ होऊन पाण्याखाली पडून असतो. वरून म्हशी संथ पोहत जातात. माठाला कुठला डोळा, असं म्हणाल. नसेना का!

मिरज तालुक्यातल्या एका गावात पायगोंडा आण्णा आणि चंदनबालाकाकी राहतात. आण्णांनी मला बाजारातून खांद्यावर घेऊन घरी आणलं. ते जैनांचं घर. पाणी गाळून, उकळूनच प्यायचं, आणि ते निववायचं काम माझं. "फ्रिजच्या पाण्यानं घसा धरतोय. माझा माठच बरा," असं काकी म्हणाल्या की मी आणखी थोडा पाझरायचो. कौतुक कुणाला आवडत नाही?

पुढे मला तडा गेला आणि माझी रवानगी न्हाणीमागे झाली. तिथं एक पाल सोडली तर माझी विचारपूस करणारं कुणी नव्हतं. मग २०१९ चा महापूर आला. फ्रिज पाण्यात बुडून कायमचा बंद पडला. मी चिखलात रुतलो म्हणून वाचलो. चिखल आणि मी, आम्ही घरचेच!

काकींना वीस वर्षांचा मधुमेह. रोज इन्सुलिन टोचून घ्यायचं, आणि त्याची बाटली गार ठेवायची. गावच्या आशा सेविका संयोगिताताई यांनी तोड काढली. घमेल्यात ओली वाळू, वाळूत मी, माझ्या पोटात डबी आणि डबीत बाटली. वाळू आण्णा भिजवायचे. झाकण मात्र काकीच उघडायच्या. नवा फ्रिज आज आणू, उद्या आणू म्हणता म्हणता तसाच राहिला, आणि म्हातारपणी नोकरी लागल्यासारखा मी सुखात होतो.

मग करोना आला. एसटी थांबली. मिरजेच्या डॉक्टरांची दर महिन्याची तपासणी बंद पडली. गावातल्या दुकानात काकींचं इन्सुलिन मिळेना. त्यांचा मुलगा भरतेश दोनदा पोलिसांना चिठ्ठी दाखवून मिरजेहून बाटल्या घेऊन आला. श्रावणात शेजारचे बिराप्पा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले आणि सोबत ताप घेऊन आले. त्यांचं अख्खं घर शाळेत नेऊन ठेवलं. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. त्यात काकींच्या सुनेला, प्रीतीला, आठवा महिना.

एका सकाळी काकींनी बाटली उजेडात धरली. तळाला थोडंसं उरलं होतं.

"आई, इन्सुलिन किती ऱ्हायलंय? आणू का जाऊन?" भरतेशनं विचारलं.

"हाय की, लय हाय. तू कुटं जाऊ नगंस. पोटुशी बाई हाय घरात."

माझ्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण माठ वाजतो, बोलत नाही.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. बस्तीला, म्हणजे जैन मंदिराला कुलूप, म्हणून प्रवचन मोबाइलवर. काकी एकवेळ जेवू लागल्या. पाचव्या दिवशी बाटली संपली, तेव्हा त्यांनी तेही जेवण सोडलं. "डाक्टरला फोनवर इचारलंय," असं घरात ठोकून दिलं. मला मात्र खरं सांगितलं. झाकणावर हात ठेवून पुटपुटल्या, "जेवलं तर साखर वाढती. न्हाईच जेवलं तर सुई कशाला लागतीया?"

हिशोब सरळ वाटत होता आणि साफ चुकीचा होता. शेजारणी बांबूपलीकडून हात जोडायच्या, "काकी, लय पुण्याच्या तुमी!" काकी सुकत चालल्या होत्या. त्यांना भयंकर तहान लागायची, पण उपवासाला पाणी एकदाच. तरी त्या सकाळ-संध्याकाळ येऊन झाकण उघडत आणि रिकामी डबी पुन्हा आत ठेवत. मोबाइलवरचा मंत्र घरभर धुरासारखा तरंगायचा. मी डोळे मिटायचो. नदीसुद्धा स्वप्नात आटलेली दिसायची.

आठव्या दिवशी दुपारी काकी भिंत धरत आल्या आणि माझ्यापाशी बसल्या. पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी ही माणसं लहानथोर सगळ्यांची क्षमा मागतात. काकींनी माझ्यापुढे हात जोडले.

"क्षमा कर बाबा. तुला रिकामी डबी राखत बसवलं."

मागे तांब्या घेऊन आण्णा उभे होते.

"अगं, क्षमावाणीला अजून तीन दिवस हायत. आजच का मागतीस?"

काकींनी नजर माझ्या झाकणाकडे वळवली. आण्णांच्या हातचा तांब्या खाली पडला. गुडघे धरत ते बसले आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी माझं झाकण उघडलं.

मग "भरत्याऽऽ" अशी हाक गेली. संयोगिताताई धावत आल्या. "आण्णा, एक हाक मारायची हुती! बांबूपल्याड रोज हुबी ऱ्हातीया मी. औषिध आणून दिलं असतं की!" दवाखान्याची गाडी बांबूपर्यंत आली. काकींची मान एका बाजूला कलली होती.

नऊ दिवस त्या मिरजेला होत्या. डॉक्टर म्हणाले, जेवण बंद केलं तरी इन्सुलिन लागतंच, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं. त्या नऊही दिवशी आण्णांनी माझी वाळू भिजवली. रिकाम्या माठाची वाळू कुणी भिजवतं का? पण ते भिजवत राहिले, आणि मीही वेड्यासारखा गार राहत राहिलो.

काकी परतल्या तेव्हा क्षमावाणी होऊन गेली होती. उंबऱ्यातच त्यांनी हात जोडले. "आवं, खोटं बोलले मी. क्षमा करा."

आण्णांनी त्यांचे जोडलेले हात धरले. "वरीसभर वाळू भिजवली गं. पर एकदाबी झाकण उघडून बगितलं न्हाई. क्षमा मीच मागाय पायजे."

आता घरात नवा फ्रिज आहे आणि प्रीतीची लेक ब्राह्मी दुडुदुडु धावते. पण बाटली माझ्यातच असते, काकींचा तसा हट्टच आहे. आण्णा रोज सकाळी आधी झाकण उघडतात, बाटली उजेडात धरून पाहतात आणि मगच वाळूवर पाणी घालतात. मित्रांनो, तुमच्याही घरात "हाय की, लय हाय" म्हणणारं कुणीतरी असेल. आज त्यांच्याजवळ जा, आणि तेवढं झाकण उघडून बघा.