पुरून उरलेले चमचे

काकूंनी निळ्या पिशवीची नाडी सोडली आणि पिशवी मोरीतल्या पातेल्यात उपडी केली. खणखणाट करत बाहेर पडले ते सगळे काटे. चमचा औषधालाही नव्हता.

पिशवीवर तर लाल दोऱ्याने चमचा काढलेला होता. म्हणजे घोटाळा त्यांच्याच हातून झाला होता. गेल्या आठवड्यात तापाने डोकं ठणकत असताना त्यांनी धुतलेल्या पिशव्या भरायला घेतल्या, आणि चमच्यांच्या पिशवीत काटे कोंबले. तीच पिशवी खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंकडे, नातीच्या वाढदिवसाला गेली. तिथे जेवणात काय, तर सूप, आणि वर आइस्क्रीम.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरभर पाहुणे, वाट्यांतून वाफाळतं सूप आणि हातात काटे. टेलरबाईंची काय त्रेधा उडाली असेल. आणि तरी आज सकाळी पिशवी परत करताना त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, चमचे पुरून उरले. माणसाने भिडस्त असावं, पण किती?

इमारतीत सगळे त्यांना पाठीमागे ‘चमचेवाल्या काकू’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. म्हणेनात का. एकदा इमारतीच्या मागचं गटार तुंबलं तेव्हा त्या बघायला उभ्या होत्या. सफाईच्या माणसाने बांबू घालून ढोसलं आणि घाणीचा लगदा बाहेर आला. त्यात गुलाबी प्लॅस्टिकचे चमचे होते. तो रंग काकूंनी स्वतः दुकानात निवडला होता, नवऱ्याच्या निवृत्तीच्या जेवणासाठी. नवरा गेला होता आणि चमचे राहिले होते, एकालाही साधा चरा गेलेला नव्हता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग त्यांनी ध्यासच घेतला. लाकडी चमचे आणून पाहिले, पण ते तोंडात घातले की फळी चाटल्यासारखं वाटायचं. गव्हाच्या कोंड्याचे चमचे गरम आमटीत विरघळायला लागले. शेवटी स्टीलच बरं असं ठरवून त्यांनी चमचे, काटे, वाट्या घेतल्या आणि सगळ्यांना सांगून टाकलं, कोणाकडे काही असेल तर घेऊन जा, फुकट. फक्त धुऊन आणा. लोक हसले. हसल्या नाहीत त्या एकट्या टेलरबाई. त्यांनी उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, वर चमचा-काट्याची चित्रं काढली. हळूहळू सगळेच सेट न्यायला लागले. आज संध्याकाळी इमारतीची मीटिंग होती. जो स्टीलचा सेट वापरेल त्यालाच खालचा हॉल मिळेल, असा ठराव काकू मांडणार होत्या आणि टेलरबाई त्याच्या बाजूने बोलणार होत्या.

काकूंनी काटे पुन्हा पिशवीत भरले, पायात चपला सरकवल्या आणि माफी मागायला खाली गेल्या.

टेलरबाई मशीनवर बसल्या होत्या.

“ये, बस. ताप उतरला का?”

“उतरला. अगं, मी माफी मागायला आलेय. सुपाच्या वेळी तुझी फजितीच झाली असेल.”

“फजिती कसली? सगळं झकास झालं.”

“पण चमचे...”

“चमच्यांचं तर विचारूच नकोस. माझी विहीण म्हणाली, सूप प्यावं तर असल्या जड चमच्याने. प्लॅस्टिकचे मेले गरम लागलं की मान टाकतात. मी म्हटलं, ही सगळी आमच्या मैत्रिणीची कृपा.”

काकूंचं बोट नाडीत अडकलं होतं, ते तसंच राहिलं.

“आणि आइस्क्रीमला?”

“तेच धुऊन पुन्हा घेतले की. संध्याकाळी मी हेच सांगणार आहे. विहिणीचं म्हणणंसुद्धा सांगते, बाहेरच्या माणसाच्या शब्दाला वजन असतं.”

काकू ऐकत राहिल्या. इतकं बिनचूक खोटं, तेही हसऱ्या तोंडाने. वाटलं होतं त्याहून ते फार सहज चाललं होतं, सवयीचं काम असावं तसं. त्यांनी पिशवीतून एक काटा काढला आणि मशीनच्या फळीवर, शिवायला घेतलेल्या कापडावर ठेवला. मग आणखी एक. मग पिशवीच रिकामी केली.

टेलरबाईंनी काट्यांकडे पाहिलं. हाताने चाक फिरवून सुई कापडातून वर घेतली, पुन्हा खाली घातली, पुन्हा वर घेतली.

“तू पिशवी उघडलीच नव्हतीस,” काकू म्हणाल्या.

“नाडी सैल करून वरून पाणी शिंपडलं होतं. धुतल्यासारखे दिसावेत म्हणून.” टेलरबाईंचा आवाज खाली गेला. “दांडेच तेवढे दिसत होते.”

काकूंना राग यायला हवा होता. आधी रडू आलं, ते त्यांनी गिळलं.

“दर वेळी असंच?”

“पहिल्यांदा वापरले होते गं. पाहुणे गेल्यावर घासायला बसले आणि कंबर धरली. दोन दिवस मशीनवर बसता आलं नाही.”

“मग मला हाक मारायचीस. मी आले असते घासायला.”

“आली असतीस. म्हणून तर नाही मारली.” टेलरबाई थांबल्या. “आणि मी एकटी नाही. सगळेच तसं करतात.”

“सगळे म्हणजे?”

“भाऊजी गेल्यावर तू दार लावून बसायचीस. हे सुरू केलंस आणि तुझ्या तोंडावर जरा कळा आली. कोणाच्या जिवावर येणार नाही नको म्हणायला? आम्ही आपलं ठरवलं, नेत जाऊ. तेवढंच तुला बरं वाटतं.”

आम्ही. काकूंना तो शब्द सगळ्यात जास्त लागला. कोणाच्या तरी घरी बसून, चहा घेत, त्यांच्याबद्दल हे ठरलं होतं. त्यानंतर माणसं जिना चढून येत होती, काकू तुमच्यामुळे वाचलो म्हणत होती, आणि काकू ते न वापरलेले चमचे पुन्हा एकदा खसखसून घासत होत्या, कुठे कोणाचं खरकटं राहायला नको म्हणून. परक्याने फसवलं असतं तर चार शब्द सुनावता आले असते. इथे लाडाने फसवलं होतं, आणि गटाराकडे जायचं ते प्लॅस्टिक जातच राहिलं होतं.

“मी लहान पोर आहे का गं?” त्या म्हणाल्या.

टेलरबाईंनी कापडावरचा एक काटा उगाचच सरळ केला.

“बरं, ऐक. संध्याकाळी खरं सांग. मला वाईट वाटेल म्हणून अडू नकोस. घासणं झेपत नाही म्हण. सगळ्यांनी मिळून त्यासाठी बाई ठेवू, नाहीतर दुसरी काही तोड काढू. ठराव पडला तर पडू दे. पण तू खरं बोल. बाकीच्यांचं मी बघते.”

“सांगते,” टेलरबाई म्हणाल्या आणि काटे एकेक करून पिशवीत भरायला लागल्या.

संध्याकाळी हॉलमध्ये बरीच माणसं जमली. काकूंनी ठराव वाचून दाखवला तेव्हा त्यांचा आवाज जरा कापला. लोकांना वाटलं, तापामुळे असेल. मग सेक्रेटरींनी टेलरबाईंना उभं केलं.

टेलरबाईंनी चष्मा नीट केला. काकूंकडे पाहिलं, चांगलं डोळ्याला डोळा देऊन. काकूंनी हलकेच मान हलवली.

“माझ्या नातीच्या वाढदिवसाला,” टेलरबाई म्हणाल्या, “आम्ही काकूंचेच चमचे वापरले. सूप काय, आइस्क्रीम काय, पुरून उरले. माझी विहीण तर म्हणाली...”

पुढचं काकूंनी ऐकलं नाही. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. टेलरबाई खाली बसल्या आणि त्यांनी काकूंच्या हातावर हात ठेवला, झालं एकदाचं अशा थाटात. काकूंनी आपला हात काढून घेतला.

मागच्या रांगेत खजिनदार शेजाऱ्याच्या कानाशी लागले होते.

“होऊन जाऊ दे. नियम काय, भिंतीवर राहील. काकूंना बरं वाटेल.”

त्यांच्या आवाजात जराही कुचेष्टा नव्हती. असती तर काकूंना सोसलं असतं.

“ठरावाच्या बाजूने?” सेक्रेटरींनी विचारलं.

हात वर झाले. डॉक्टरीणबाईंचा, खजिनदारांचा, वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याचा. टेलरबाईंचा सगळ्यात आधी. काकू मागे वळून एकेक हात बघत होत्या. ज्यांच्याशी नजरानजर झाली ते प्रेमाने हसले, आणि एकानेही हात खाली घेतला नाही.

“छान. विरोधात कोणी?” सेक्रेटरींनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं आणि मान वर न करताच ‘एकमताने’ लिहायला घेतलं.

काकूंनी हात वर केला.