मावशींच्या आवाजातला ‘नको’

बोलता न येणाऱ्या मुलांच्या त्या शाळेत दोन वर्ग, तीन शिक्षिका, एक मोठ्या बाई आणि एक मावशी होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मावशींचं काम विचाराल तर मुलांचे हातपाय धुण्यापासून दाराला कुलूप लावण्यापर्यंत सगळंच.

एका कंपनीनं विशेष शाळांसाठी एक सॉफ्टवेअर फुकट द्यायचं ठरवलं. टॅबवर चित्रं दिसायची. मुलानं चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द मोठ्यानं बोलायचा. एरवी शाळेला न झेपणारी गोष्ट, त्यामुळे मोठ्या बाई हरखून फॉर्म भरायला बसल्या. नोंदणीचा दाखला जोडला, मुलांची संख्या लिहिली आणि ‘तांत्रिक समन्वयक’ या रकान्यापाशी गाडी अडली. हा माणूस पूर्ण वेळ शाळेत हवा, पासवर्ड त्याच्याच हाती राहणार, आणि वर त्याला परीक्षाही द्यावी लागणार. परीक्षेचं नाव ऐकताच एका शिक्षिकेला चष्म्याचा नंबर वाढल्याचं आठवलं, दुसरीला घरचं आजारपण, तिसरी तर फळा पुसायलाच निघून गेली. शाळा उघडल्यापासून बंद होईपर्यंत हजर असणारं एकच माणूस उरलं होतं. मोठ्या बाईंनी मावशींचं नाव घातलं आणि पात्रतेच्या रकान्यात लिहिलं, ‘सतरा वर्षे’.

मावशींनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही. त्यांचे यजमान शिंपी होते. मशीन चालवता चालवता ते बायकोला प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की मशीन थांबवायचे. वीस प्रश्नांत सोळा बरोबर यायला हवे होते. पहिल्या खेपेला अकरा आले, दुसऱ्या खेपेला सतरा. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांना कपडे उशिरा मिळाले.

सॉफ्टवेअर वापरायचा परवाना आला. टॅबमध्ये साठ शब्द होते: आभारी आहे, मला आनंद झाला, सुप्रभात, फुलपाखरू. मावशींनी सगळी चित्रं दोनदा चाळली आणि शिक्षिकांना विचारलं, की आपली मुलं दिवसभर जे सांगायला धडपडतात, ते यात कुठंय? मग मावशींनी पासवर्ड घालून नवा चौकोन तयार केला. त्यात आडवा हलणाऱ्या डोक्याचं चित्र टाकलं आणि स्वतःच्या आवाजात एकच शब्द भरला. नको.

दुसऱ्या दिवसापासून शाळेचा रंग पालटला. दिवसभर पंख्याकडे बघत बसणारा मुलगा, ज्याला सगळे पंखेवाला म्हणत, त्यानं कवायतीला नको म्हटलं, दुधाला नको म्हटलं, मग पंखा बंद करायला आलेल्या बाईंनाही म्हटलं. राणीसरकार नावानं ओळखली जाणारी मुलगी तर टॅब मांडीवर घेऊन दरबार भरवल्यासारखी बसायची आणि येईल त्याला वाटेला लावायची. एकदा मोठ्या बाईंनी ऑफिसमधून हाक मारून मावशींना व्हरांडा पुसायला सांगितला. वर्गातून मावशींच्या आवाजात उत्तर आलं, ‘नको.’ मोठ्या बाई थक्क झाल्या. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर. सतरा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्या तावातावानं व्हरांड्यात आल्या, तर मावशी तिथं आधीच बादली घेऊन वाकल्या होत्या.

सहा महिन्यांनी परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि कंपनीतल्या एका मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. बोलायला त्या फार गोड होत्या, पण काळजीत दिसत होत्या. नोंदीप्रमाणे शाळेत एकच बटण चार हजारांहून जास्त वेळा दाबलं गेलं होतं. बटण अडकलंय, की कुणी खेळ मांडलाय? शैक्षणिक वापर होत नसेल तर परवाना पुढे देता येणार नाही, असं त्यांनी हळूच सुचवलं. मोठ्या बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी फोन मावशींच्या हाती दिला.

‘बटण अडकलं नाही, मॅडम,’ मावशी म्हणाल्या. ‘आधी मुलं चावायची. आता नको म्हणतात.’

त्यांनी बाही वर करून कोपराजवळचे जुने वण कॅमेऱ्यासमोर धरले. हा पंखेवाल्याचा, हे दोन राणीसरकारांचे. गेल्या सहा महिन्यांत एकही नवा नाही.

मॅडमनी राणीसरकारला भेटायची इच्छा दाखवली. ती आल्यावर त्यांनी लाडानं विचारलं, की माझ्याशी थोडं बोलशील का? राणीसरकारनं पडद्याकडे नीट पाहून घेतलं आणि बोट टेकवलं. ‘नको.’ मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मॅडम मात्र इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

नूतनीकरणाचं पत्र चार दिवसांत आलं. परवाना पुढची तीन वर्षं फुकट. शिवाय नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर ‘नको’ असेल, आणि आणखी कोणते शब्द हवेत ते समन्वयकांनी कळवावं, अशी विनंती.

समन्वयकांनी घरी, मशीनशेजारी बसून यादी केली. दुखतंय. कंटाळा आला. माझं आहे. पुन्हा. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ती वाचली, मान डोलावली आणि शेवटच्या शब्दापाशी थबकल्या. शेवटचा शब्द होता, ‘का?’

‘मावशी,’ त्या अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या, ‘एवढा एक तरी राहू द्या. आमच्याकडे उत्तरं नाहीत हो.’

मावशींनी यादी घडी घालून पाकिटात सरकवली. तो शब्द त्यांनी सकाळीच टॅबमध्ये भरला होता, आणि आतल्या वर्गात पंखेवाल्याला तो सापडलाही होता.