पिशवीचं काम

"नीट धरा शकुबाई, हलली तर सुई भलतीकडे जाईल," संशोधन करणारी उर्वशी म्हणाली.

चंद्रपूरच्या त्या कॉलेजात प्रयोगाच्या पांढऱ्या उंदरांची देखभाल शकुबाईकडे होती. मादीची मान चिमटीत धरून ती उभी होती खरी, पण जीव राजुऱ्याला लागला होता. दोन दिवसांनी तिथे तिच्या लेकीची, रंजिताची पिशवी काढायची होती. पोरीनं दुखणं अंगावर काढलं आणि शेवटी डॉक्टरकडे गेली. "दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?" डॉक्टर म्हणाले, आणि शकुबाईनंही मान डोलावली. तिची स्वतःची पिशवी तिशीतच गेली होती, अंडाशयांसकट.

"मॅडम, ह्याइच्या पिशवीत काय शोधून राह्यल्या तुमी?"

"हे औषध म्हणजे हार्मोन. पिशवी ते नुसतं घेत नाही, बाई. ती ते मोडते, बदलते, हवं तसं वापरते. तिचं काम चालूच असतं."

"पिलं झाल्यावर बी?"

"झाल्यावर पण. त्या कोपऱ्यातल्यांचे अंडाशय मी काढलेत. हार्मोन येणंच बंद, म्हणून पिशवी दोऱ्याएवढी बारीक झाली. बायकांचंही तसंच. लवकर काढले तर अंगाची आग होते, हाडं दुखतात, झोप जाते, चिडचिड होते."

शकुबाईनं मादी हळूच पिंजऱ्यात सोडली. तिचा नवरा देवाजी तिला तापट म्हणत म्हणतच गेला. तिलाही तेच खरं वाटत आलं होतं. आपला स्वभावच वाईट, असं समजून तिनं अर्धं आयुष्य स्वतःचा राग केला होता.

व्हरांड्यात येऊन तिनं फोन लावला. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव, एवढंच सांगायचं होतं.

"आई, झालं नं," रंजिताचा आवाज खोल गेला होता. "डॉक्टरले गावाले जायचं होतं, म्हणून कालच केलं. तू घाबरशीन म्हणून सांगतलं नाई."

"अंडाशय?"

"सगळंच काढलं म्हणे. कटकट गेली. तुही बी तं काढली होती. काई होत नाई नं मंग?"



"काई होत नाई. पडून राह्य. मी संध्याकाळच्या गाडीनं येते." शकुबाई पुढे म्हणाली, "अन् कधी अंगाची आग झाली, उगाच राग आला, तं सोताले बोल लावू नको. मले सांग."

"आग काऊन होईन?"

"ऐकू येऊन नाई राह्यलं बाई," शकुबाई म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.