पिक्चर माझ्यावरून निघाला

मी एक जुनी चित्रकथा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझं डोकं तापलेलं आहे. परवा एकानं मला उलटंपालटं करून विचारलं, "हे त्या पिक्चरवरून काढलंय का?" पिक्चरवरून? अहो, पिक्चर माझ्यावरून निघाला! माझी पानं पिवळी पडली तेव्हा त्या दिग्दर्शकाला मिसरूडही फुटलं नव्हतं.

परळीत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या निवृत्ती पेंटरनं मला काढलं. दिवसा पाट्या, संध्याकाळी मी. नुसती काळी शाई. रंगांची गरजच नव्हती, कारण माझी गोष्ट राखेची आहे. मी छापून आले आणि कुणाला पत्ताही लागला नाही. सिरसाळ्याच्या बाजारात चार पोरांनी उभ्याउभ्या वाचून मला परत ठेवलं, तेवढीच माझी कीर्ती.

गोष्ट अशी. मैना नावाच्या पोरीच्या वस्तीवरून औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेच्या उघड्या गाड्या जायच्या. राख पिठात पडायची, भाकरी दाताखाली करकरायची. एक दिवस मैना कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडीवाला हॉर्न वाजवून थकला. राखेवर ताडपत्री टाकली तेव्हाच ती बाजूला झाली. बस, एवढंच. आणि हे खरं घडलेलं आहे. मैना म्हणजे निवृत्तीची बायको सिंधुबाई. लग्नाआधी ती अशी उभी राहिली होती.

निवृत्ती वारल्यावर पिक्चरवाले आले. सिंधुबाईनं विश्वासानं मला त्यांच्या हाती दिलं आणि त्यांनी माझी पार वाट लावली. राखेत गाणं घातलं! ज्या राखेनं वस्तीला खोकला लावला, तिच्यात जोडपं नाचतंय, जणू कपिलधारच्या धबधब्यावर सहलीला आलंय. शेवटी मोटारसायकलवरून हिरो येतो, मैनेला उचलून बाजूला ठेवतो, ड्रायव्हरला बडवतो. मग मैना रडते आणि त्याला हात जोडते. लोक शिट्ट्या मारतात. हॉर्न मात्र त्यात कानठळ्या बसवतो, ते मला जमलं नसतं, कबूल. पण म्हणून माझ्या पोरीला रडवी करायची?

यंदा भीमजयंतीच्या मिरवणुकीत मैनेचा देखावा करायचं ठरलं. मैना होणार होती सिंधुबाईची नात पौर्णिमा. सिंधुबाई मला रुमालात बांधून मोठ्या हौसेनं मंडळाच्या प्रवीणकडे घेऊन गेली. त्यानं मला उघडलंसुद्धा नाही.

"काकू, शेवट पिक्चरमधलाच घेऊ," तो म्हणाला. "लोकाला तेवढाच म्हाईत हाय."

"पण तसं झालंच न्हाई, बाबा."

"आमी कुठं न्हाई म्हणतो? पण नुसती पोरगी उभी केली तर लोक म्हणतील, हे काय लावलंय. हिरो पायजे."

नुसती पोरगी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणापुढं लाचार होऊ नका, हे लेकरांना सांगायची ती मिरवणूक, आणि तिच्यातच पोरीला हात जोडायला लावायचे. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सिंधुबाई मला पुन्हा रुमालात बांधून घरी घेऊन आली.

मिरवणुकीच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा ट्रक उभा राहिला. काळा चष्मा लावून मंडळातला सौरभ हिरो झाला. पौर्णिमा त्याच्या पायाशी गुडघे टेकून हात जोडायची तालीम करत होती. सिंधुबाईनं ते पाहिलं आणि दंडाला धरून नातीला खाली उतरवलं.

"माझी नात हात जोडणार न्हाई. तुमचं तुमी बघा."

प्रवीणनं विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. ऐन वेळी दुसरी पोर मिळेना. शेवटी ट्रॉली तशीच निघाली. पुठ्ठ्याच्या ट्रकापुढं सौरभ एकटाच दंड फुगवून उभा. चौकात कुणीतरी ओरडलं, "कुणाला वाचवतो बे?" सगळा चौक हसला. प्रवीण अजून सांगत फिरतो, काकूनं देखाव्याचा विचका केला. मला मात्र त्यानं अजूनही उघडलेलं नाही.

पौर्णिमा रडून लाल झाली होती. तिनं अख्ख्या शाळेला सांगून ठेवलं होतं. घरी आल्यावर आजीशी बोलेना. सिंधुबाईनं मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. पोर फुरंगटून पानं उलटत राहिली. शेवटच्या पानावर थांबली.

"आजी, मैनेच्या गुडघ्यापाशी ह्या बारक्या रेघा कसल्या?"

"तुझ्या आजोबानं इचारलं होतं, भ्याली होतीस का. मी म्हणले, पाय लई थरथरत होते. मंग त्यांनी ती थरथर काढली."

"मंग तू हटली कावून न्हाईस?"

"हटले असते तर राख कुणी झाकली असती?"

पौर्णिमानं डोळे पुसले आणि मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

मित्रांनो, पिक्चर खुशाल बघा. पण तुमच्या गावात माझ्यासारखं एखादं पुस्तक धूळ खात पडलं असेल, तर ते आधी उघडा. आणि ज्या माणसावरून ते निघालं, ते माणूस हयात असेल, तर त्याच्या दारात जा. मला वाळवी लागली तरी चालेल. पिक्चर काढणारे झाले, देखावा करणारे झाले, पण "खरं काय झालं होतं, सिंधुबाई?" एवढं एकानंही विचारलं नाही. राग मला त्याचा आहे.